तीन टाळ्यांची ध्येये

“त्रण ताळी धरा. पहिल्या टाळीला काय?”

“पूछीए.”

“दुसऱ्या?”

“पारखीए.”

“आणि तिसऱ्या?”

“साथे करीए.”

बडोद्यातल्या पाणीगेटजवळच्या त्या गुजराती शाळेच्या पटांगणात नववीच्या मुली फेर धरून फिरत होत्या आणि त्यांची शिक्षिका मोहनाबेन मधोमध उभी राहून एकेका टाळीची ओळ म्हणवून घेत होती.

न घाबरता विचारायचे, पारखूनच मानायचे, मिळून करायचे, ही शाळेची तीन ध्येये भिंतीवर चांगली ठसठशीत रंगवलेली होती. तिकडे कोणी ढुंकून पाहत नसे, ही गोष्ट वेगळी. आज तपासणीचे साहेब येणार होते आणि कोणालाही उभे करून ध्येये विचारणार होते. प्रिन्सिपॉल हार्दिकभाईंनी ती तयारी मोहनाच्या गळ्यात घातली होती. बडोद्याच्या मुलींना झोपेतून उठवले तरी गरब्याची पावले चुकत नाहीत, म्हणून तिने ध्येये टाळ्यांना बांधली.

मोहनाच्या सासरी खापरपणजोबा संस्थानात अंमलदार होते. त्यांचा तोरा घरात अजून नांदत होता. घर मात्र चालत होते मोहनाच्या करारावरच्या नोकरीवर, आणि करार याच महिन्यात संपत होता.

“बेन, पण पारखायचं म्हणजे नक्की काय करायचं?” सानवीने विचारले. तरसालीहून येणारी ही मराठी मुलगी म्हणजे प्रश्नांची पोतडी होती.

“आज प्रश्न नको, बेटा. नुसतं पाठ ठेवा. चुकलात तर मला घरी बसावं लागेल.”

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटले, पण भीतीपुढे शहाणपण चालत नाही. मुलींचे चेहरे उतरले.

साहेब वर्गात आले, मागून घामाघूम हार्दिकभाई. हे जयवंतरावसाहेब बडोद्याचेच मराठी. हजेरीतले मराठी आडनाव पाहून त्यांनी सानवीला उभे केले आणि मराठीतच विचारले, “शाळेची ध्येयं सांग बघू.”

सानवी बाकात उभी राहिली. फेर नाही, ताल नाही. टाळीसाठी तिचे हात जरा वर आले आणि साहेबांना पाहून खाली गेले. ताल सुटला तसे शब्दही सुटले. एका जागी उभे करून आपण एकदाही म्हणवून घेतले नाही, हे मोहनाला आत्ता सुचत होते.

“राहू दे,” साहेब समजुतीने म्हणाले. “पहिलं ध्येय प्रश्न विचारण्याचं आहे ना? मग मलाच एक प्रश्न विचार. कुठलाही चालेल.”

सानवीने मोहनाकडे पाहिले. त्या नजरेतली भीती मोहनाने ओळखली. ती तिचीच होती, सकाळी तिनेच मुलींना वाटलेली. ‘विचार’ अशा अर्थाने तिने मान हलवली. नोकरी गेली तर गेली, असे म्हणायची तिची छाती नव्हती. पोरीचा तो चेहरा तिला बघवेना, एवढेच.

“साहेब,” सानवीने विचारले, “मी चुकले म्हणून बेनना काढणार का?”

साहेबांनी हार्दिकभाईंकडे पाहिले, हार्दिकभाईंनी खिडकीबाहेर.

“बस, सानवी,” मोहना हळूच म्हणाली. “विचारलंस ना, झालं.”

सानवी बसली नाही. बाकाची कड घट्ट धरून, उत्तराची वाट पाहत ती उभीच राहिली.