गंगारथाची अर्धी प्रदक्षिणा

उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. वरकुट्यापासून बावड्यापर्यंतची माणसं टेम्पो भरभरून आली होती आणि सगळ्यांच्या नजरा एका लाल मोटारीवर होत्या. जुन्या विलायती घडणीची, छप्पर उघडणारी, रंगरोगण करून नवरीसारखी नटवलेली मोटार. जलानंद महाराजांनी शंख फुंकला आणि गाडी उतारावरून थेट पाण्यात घातली. ती बुडाली नाही. बदकासारखी तरंगत पुढं गेली. बायांनी पदर पसरले, बाप्यांनी टोप्या काढल्या. अक्कल बहुधा सगळे घरीच काढून आले होते.

"ह्यो गंगारथ," महाराज भोंग्यावरून सांगत होते. "पुण्यवान बसला तर कोरडा ऱ्हाणार. पापी बसला तर गंगामाई आत शिरणार. हितं वकील चालत न्हाय, वशिला चालत न्हाय."

दक्षिणा मात्र चालत होती.

गर्दीत रेश्मा उभी होती. वरकुट्याच्या जोतीरामतात्यांची लेक, बारामतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी. माहेरी आईची, द्वारकाबाईंची, सोन्याची बोरमाळ हरवली होती आणि संशय सुनेवर, स्वप्नालीवर होता. निवाडा आज गंगारथ करणार होता. पायाशी पाणी आलं की स्वप्नालीनं तान्ह्या लेकराला घेऊन कायमचं बावड्याला माहेरी जायचं, असं घरात ठरलंच होतं. तिचे वडील न्यायला येऊन बसले होते. नवरा रविराज आईच्या मागं उभा राहून आपल्या चपला न्याहाळत होता. भावाचं ते ध्यान पाहून रेश्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, बोरमाळ घेताना वहिनीला कुणी बघितलं?"

"आपुन कशाला बघायचं? म्हाराज सांगतील की."

"तुझा संशय कुणावर हाय, ते त्यांना ठाऊक हाय?"

"व्हय तर. दर्शनाला गेले तवा त्येंनी आधी तेच इचारलं."

म्हणजे निकाल आधीच लागला होता, फक्त पाण्यानं सही करायची बाकी होती.

स्वप्नालीच्या आधी दोघांची पाळी झाली. कुशाबाई नावाच्या म्हातारीला महाराजांनी हात धरून बसवलं, दार लावलं आणि दाराच्या आतली एक छोटी मूठ फिरवून "स्वाहा" म्हटलं. म्हातारी कोरडी परतली. मग अंथुर्ण्याचा एकजण बसला, शेजाऱ्याचा बांध कोरल्याचा आळ असलेला. त्याचं दार महाराजांनी नुसतं ओढलं. मुठीला हात लावला नाही, स्वाहाही म्हटलं नाही. त्याच्या घोट्याला पाणी लागलं आणि तो रडत पाया पडला. लोक गंगामाईकडं बघत होते, रेश्मा महाराजांच्या हाताकडं.

गाडी काठावर आली तशी दर्शनाची रांग लागली. प्रत्येकजण मागच्या चाकापर्यंत जाई आणि उलटा फिरे. "म्हादेवाचा रथ हाय," शिष्य झुंबर सांगत होता. "अर्धीच प्रदक्षिणा. मागनं गंगा वाहती, ती वलांडायची न्हाय." जन्मभर पिंडीला अर्धी प्रदक्षिणा घातलेली ती माणसं. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं. बेट्यानं रथ मारुतीचा आहे म्हटलं असतं, तर पहिल्याच दिवशी कुणीतरी गोल फिरून मागं पोचलं असतं.

रेश्मा चाकापाशी वळली नाही. सरळ मागं गेली आणि झेंडूचा लोंबता पडदा वर केला.

"तात्या, हितं या."

जोतीरामतात्या चाकापाशी थबकले. पाय उचलेना. मग लेकीच्या तोंडाकडं बघून त्यांनी ती गंगा ओलांडली आणि वाकून पाहिलं. गाडीच्या पोटाखाली दोन पितळी पंखे होते.

"आयला, ह्ये तर होडीचं पंखं हायेत."

"नास्तिक बाई हाय," महाराज कडाडले. "कोप हुईल."

"होऊ द्या. माझी भावजय बसेल गाडीत. पण आधी हे बसू द्या," रेश्मा म्हणाली आणि टेम्पोतलं सरकी पेंडीचं पोतं तिनं पुढच्या सीटखाली, पाय ठेवतात तिथं ठेवायला लावलं. दार तिनं नुसतं ओढलं. एवढ्या लोकांसमोर महाराजांना नाही म्हणता येईना. गाडी पाण्यात गेली आणि परत आली, तोवर पोत्याचा तळ भिजला होता.

"महाराज, या पोत्यानं कुणाची बोरमाळ चोरली?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग तिनं मूठ घट्ट फिरवली आणि पुन्हा फेरी मारायला लावली. या खेपेला थेंबभर पाणी आलं नाही. एका फेरीत पोतं पुण्यवान झालं.

"ही गाडी होडीसारखीच घडवलीय," रेश्मानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "खालून पत्रा सलग, मागं पंखे, दाराला रबर. मूठ फिरवली की रबर दाबून बसतं. सैल ठेवली की पाणी शिरतं. परदेशात साठ वर्षांपूर्वी असल्या गाड्या निघत. हौशी लोक त्या दुरुस्त करून विकतात. यांनी एक घेतली आणि तुम्हाला गंडवलं."

गंगारथ त्यानंतर डांबरी सडकेवरून भिगवणच्या दिशेनं गेला. सडकेवर तो फारच वेगानं पळतो, असं आढळून आलं.

"मग माझी बोरमाळ गेली कुठं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"ठाऊक न्हाय, आई. ठाऊक नसलं की ठाऊक न्हाय म्हणावं. कुणाच्या तरी लेकीच्या गळ्यात आळ बांधू नये."

आपल्या पाळीसाठी वडिलांशेजारी बसलेली स्वप्नाली तेव्हा रविराजसमोर येऊन उभी राहिली. "मी घेतली, असं तुमाला वाटत हुतं का?"

"न्हाय."

"मग ह्ये पोत्याच्या आधी का न्हाय बोलला?"

रविराज पुन्हा चपला बघू लागला. स्वप्नालीनं लेकराला काखेत घेतलं आणि स्वतःच वडिलांबरोबर बावड्याला निघून गेली.

महिन्याभरात बारामतीच्या रस्त्याला ती लाल गाडी उभी दिसली. काचेवर पाटी होती: 'विकणे आहे. जमिनीवर व पाण्यात चालते.' तिच्याविषयी एवढं खरं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बोरमाळ अजून सापडलेली नाही. रविराज दर रविवारी बावड्याला जातो आणि एकटाच परत येतो. चमत्कार दिसला की आधी त्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघा, बाबांनो. आणि ज्याच्यावर आळ आलाय तो आपला असेल, तर पोतं भिजायची वाट बघू नका.