चौदाव्या घराचा शिक्का

मी फेरीची पाटी बोलतेय. नाक मुरडू नका. जाड पुठ्ठा, वर एक लोखंडी चाप आणि अडकवायला दोरी, एवढंच माझं रूप. पण जपानमधल्या ओनोमिची गावाच्या चढावर आमच्या गल्लीत चौदा घरं आहेत आणि त्या चौदाही घरांच्या दारात मी मानानं गेले आहे. कुणाच्या मेहरबानीनं नाही, माझ्या पाळीनं.

काम साधं होतं. गल्लीच्या मंडळाचा त्या वर्षीचा प्रमुख माझ्या चापात सूचना अडकवायचा. गटार साफ करायचा रविवार, भूकंपाची कवायत, कचऱ्याचे बदललेले वार. प्रत्येक घरानं वाचायचं, यादीत आपल्या नावापुढे लाल शिक्का मारायचा आणि मला शेजारच्या दाराला अडकवायचं. चौदाव्या घरानं जुने कागद काढून टाकायचे आणि शिक्क्यांच्या यादीसकट मला प्रमुखाकडे पोचवायचं. पाटीवर शिक्क्याशिवाय काही उमटवायचं नाही. हा नियम कुणी केला ठाऊक नाही. मोडलेला मात्र मी पाहिला नव्हता.

मला कुणी शाळेत घातलं नाही. छातीवर जे लावलं तेच वाचत वाचत मी शहाणी झाले, आणि त्याचा मला गर्व आहे. म्हणूनच पहिल्या घरातली तोमिएबाई माझी लाडकी. तीही माझ्याच जातकुळीची.

तोमिए कुरामोतो. शिडाच्या कापडाच्या कारखान्यात तिनं चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलं. पावसात भिजून माझा पुठ्ठा फुगायला लागला तेव्हा त्याच कापडाची पिशवी तिनं मला शिवली. ती अजून माझ्या अंगावर आहे, एक टाका उसवलेला नाही. ती अडुसष्ट वर्षांची असताना ओसाकात राहणाऱ्या तिच्या मुलानं आपला जुना संगणक तिच्याकडे पाठवला आणि वर्गाला जा म्हणाला. "शिवणयंत्राला कुठला वर्ग केला होता मी?" असं म्हणून तिनं फोन ठेवला. मग पुस्तक उघडून, चष्मा कपाळावर-नाकावर करत, महिनाभर एकटीनं झटापट केली. त्या वेळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतूनच यायचं. आधी घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज, मग किंकाळी, मग शांतता. त्या शांततेत ती जगभर हिंडून यायची. तेवढा वेळ फोन अडलेला असायचा आणि मुलगा तिकडे काळजीनं हैराण.

त्या वर्षी मंडळाचं प्रमुखपण तिच्याकडे आलं. गटाराच्या सूचनेखाली तिनं आपलं एक पान लावायला सुरुवात केली. वर लिहिलेलं असायचं, 'या आठवड्यात मला सापडलं.' ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. ऑस्ट्रेलियातला वोम्बॅट नावाचा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो. इंग्लंडच्या एका विद्यापीठात कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा बसवला होता आणि ते भांडं भरलंय की रिकामं हे जगभरचे लोक आपापल्या घरी बसून बघायचे. वादळात एका जहाजावरून खेळण्यातली हजारो पिवळी बदकं समुद्रात पडली, ती वर्षानुवर्षं कुठल्या कुठल्या किनाऱ्यांना लागतायत. अशी पानं माझ्या छातीवर होती. मी कागद पुष्कळ वाहिले, पण अंगाला गुदगुल्या झाल्या त्या याच पानांनी.

आता माणसांचं सांगते, राग आला तर येऊ दे. माझ्यावर यादीत चौदा शिक्के असायचे आणि वाचणारे डोळे दिसायचे नाहीत. चौथ्या घरातले हामागुची टीव्हीवर कुस्ती बघता बघता शिक्का मारायचे, एकदा तर शेजारच्याच नावापुढे मारला. सातव्या घरात नोनाकाबाईंची सून मला हातात घेतानाच शिक्क्याची डबी उघडायची आणि मी पिशवीतून पुरती बाहेर यायच्या आत पुढच्या दारी. तोमिएबाईला कुणी कधी रस्त्यात थांबवून म्हणालं नाही, की बाई, ते ऑक्टोपसचं फार छान होतं.

तिनं दाखवलं नाही, पण तिला ते लागत होतं. नोव्हेंबरात तिनं एक युक्ती केली. रताळं दक्षिण अमेरिकेतून निघून आपल्यापर्यंत कसं पोचलं त्याचं मोठं पान तिनं केलं आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलं, 'इथवर वाचलंत? मग रविवारी दुपारी तीनला माझ्याकडे भाजलेली रताळी खायला या. इतरांना सांगू नका.' चाप लावताना ती माझ्याशीच बोलली. "कुणीच आलं नाही तर हा उद्योग बंद. भिंतीशी बोलायला मला इंटरनेट कशाला हवं?"

ते पान घेऊन मी सोमवारी निघाले. कुस्ती, डबी, शिक्का, शिक्का. मला ओरडता आलं असतं तर ओरडले असते, पण पाटीचं तोंड म्हणजे तिच्यावरचा कागद. नवव्या दाराला मला अडकवलं तेव्हा ते घर लेकीकडे नागोयाला गेलेलं होतं. कुणाचीही पाळी ओलांडून पाटी उचलायची नाही, ही आमच्या गल्लीची सभ्यता. तशी मी आठ दिवस त्या दाराला लटकत राहिले. येणारे जाणारे मला बघायचे आणि सभ्यपणे मान वळवायचे.

रविवारी तीनला काय झालं ते मला नंतर कळलं. तेरा रताळी भाजलेली, तेरा पेले मांडलेले. तीन वाजले, चार वाजले, दारात मांजरसुद्धा आलं नाही. आठ घरांत पान पोचलं होतं, आठही शिक्के पडले होते. तोमिएबाईनं एक रताळं उभ्यानं खाल्लं, संगणकाची तार भिंतीतून काढली आणि त्यावर शिडाचं कापड टाकलं.

बुधवारी दुपारी तिच्या दारात चौदाव्या घरातले साकाकी उभे राहिले. टोफूवाले, बायको गेल्यापासून एकटे, चार शब्दांच्या पुढे न बोलणारे. अंगात सणासुदीचा कोट, एका काखेत मी, दुसऱ्या काखेत टोफूचा लाकडी साचा.

"हे बरं नाही केलंत बाई," ते म्हणाले. "पान मला आज मिळालं. रविवार कधीच होऊन गेला."

तोमिएबाईनं विचारलं, "तुम्ही वाचता?"

"वाचतो म्हणजे? मग काय टोफू गुंडाळतो?"

त्यांनी साचा तिच्या पुढ्यात ठेवला. आत तिची सगळी पानं होती, तारखेनं लावलेली. जी पानं रद्दीत जातात असं ती समजत होती, आणि खरं सांगते, मीही समजत होते, कारण साकाकी कागद काढून आत न्यायचे, ती सगळी. त्यांच्या तक्रारीही तयार होत्या. तिसरं हृदय नेमकं काय करतं ते तिनं पुढे सांगितलंच नव्हतं. आणि बदकांसाठी ते रोज सकाळी टोफू देऊन झाल्यावर धक्क्यावर जाऊन बघत होते, अजून एकही आलं नव्हतं.

आता तोमिएबाई चिडली. रडू येऊ नये म्हणून चिडतात ना बायका, तशी. "अहो, मग इतक्या दिवसांत एका शब्दानं सांगायला काय झालं होतं?"

साकाकी गोंधळले. "सांगितलं की. शिक्का मारला होता."

त्यांच्यापुरतं ते पुरेसं होतं. वाचल्याशिवाय शिक्का मारता येतो हे त्या माणसाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं गारढोण रताळी पुन्हा भाजली. दुसऱ्या दिवशी संगणकावरचं कापड काढलं, आणि माझ्या दोरीला एक पेन्सिल बांधून मंडळातर्फे जाहीर केलं, की यापुढे पाटीवर लिहायला हरकत नाही. प्रमुख दरवर्षी बदलले, तिचं पान मात्र चालू राहिलं, आणि पुढची पंधरा वर्षं माझ्या भरभराटीची. नोनाकाबाईंची सून प्रश्न विचारायला लागली. हामागुचींनी वोम्बॅटचं चित्र काढलं, ते डुकरासारखं झालं, त्यावर चार घरांनी शेरे मारले. मला पुढच्या घरी पोचायला वेळ लागायला लागला, आणि तो उशीर मला फार गोड वाटायचा. साकाकी मात्र लिहीत नसत. जुना नियम तो जुना नियम. फक्त शिक्का, सरळ, मधोमध.

मग गल्ली मोबाइलवर गेली. आता सूचना खिशात वाजते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली 'वाचलं' असं उमटतं. मला हसू येतं. तो शिक्का मी चांगला ओळखते.

गुडघे गेल्यावर तोमिएबाई ओसाकाला मुलाकडे राहायला गेली. मला टाकून देणार होते, साकाकींनी मागून घेतलं. आता मी त्यांच्या बंद दुकानात खिळ्याला असते. त्यांच्याकडे तसला मोबाइल नाही, म्हणून ती दर महिन्याला पाकिटातून पान पाठवायची. ते चापात लावायचे, उभ्यानं शेवटपर्यंत वाचायचे आणि चौदा नावांच्या यादीत आपल्या नावापुढे शिक्का मारायचे. तेरा घरं रिकामी, चौदावं लाल.

या वसंतात पाकिटावरचं अक्षर मुलाचं होतं. आई गेली, हे पान तिच्या टेबलावर तयार होतं, असं त्यानं लिहिलं होतं. साकाकींनी पान लावलं. तळाशी, बारीक अक्षरात, तिनं विचारलं होतं, 'इथवर वाचलंत? मग सांगा, बदकाचं काय झालं?'

एकोणनव्वद वर्षांच्या त्या माणसानं पान शेवटपर्यंत वाचलं. शिक्का मारला. मग दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली, पहिल्यांदाच, आणि तिच्या प्रश्नाखाली लिहिलं.

'नाही आलं. रोज बघतो.'

ते पान अजून माझ्या छातीवर आहे. मला आता कुठल्या दारी जायचं नाही. तुम्हाला मात्र रोज कुणी ना कुणी काहीतरी पाठवत असेल, बघ मला काय सापडलं म्हणून. शिक्का मारायचा तर वाचून मारा. आणि जमलं तर खाली दोन शब्द लिहा, ती व्यक्ती ते वाचायला आहे तोवर.