शिवप्रियाचे केस

केस सरळ करून आली आणि पंधरवड्यातच शिवप्रियाच्या कंगव्यात पुंजकेच्या पुंजके येऊ लागले. लग्न तोंडावर आलेलं. ती घरातसुद्धा ओढणी बांधून हिंडायची. थोरल्या भावानं, गुरुसिद्धप्पानं, एका सकाळी ती सोडायला लावली. टाळूवरचे उघडे चट्टे त्यानं बघितले. गोठ्यातला लोखंडी गज उचलला आणि जळकोटहून मोटारसायकल थेट उमरग्याला काढली.

शिवप्रियानं केस सरळ करून घेतले ते शिवकांताचं पार्लर तिथं बसस्टँडामागं होतं. त्यानं आधी आरसा फोडला. केस सरळ करायची तीच क्रीम आपण स्वतःलाही लावतो, असं ती काकुळतीला येऊन सांगत होती, पण त्याच्या कानावर काही जात नव्हतं. शेजारच्या दुकानातून तिचा नवरा महांतेश धावत आला. गजाचा पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं गुरुसिद्धप्पाच्या मुठीला जाणवलं, आणि त्याला बरं वाटलं. म्हणून त्यानं आणखी मारलं. मग शिवकांताला वेणीला धरून फरशीवर फरफटत नेलं, तिचीच कात्री घेऊन वेणी मुळापासून कापली. कात्रीनं कातडीही सोलली. लोकांनी त्याला लोळवून तुडवलं तेव्हा कुठं तो थांबला.

जामिनावर सुटून आला तर आईच्या डोक्यावरही चट्टे पडलेले. काही दिवसांनी न्हाव्यानं त्याच्याच मानेवरचा गुळगुळीत डाग दाखवला. आईनं तर पार्लरची पायरीही कधी चढली नव्हती.

चामडीच्या डॉक्टरीणबाईंनी साबण, तेल, पाणी सगळं विचारलं. न्हाणीतली निळी पिंपं द्राक्षबागेतल्या फवारणीच्या औषधाची, हे शिवप्रियानं सांगितलं. पाणीटंचाईत गुरुसिद्धप्पानंच ती धुऊन घरी आणली होती. बाई म्हणाल्या, पिंपानं झालं असेल, हिच्या बाबतीत क्रीमनंही भर घातली असेल. तपासण्या होईपर्यंत छातीठोकपणे काहीच सांगता येणार नाही. पण ती पिंपं आधी घराबाहेर काढा.

घरी येताच त्यानं कुऱ्हाडीनं पिंपांच्या चिंधड्या केल्या. तरी राग जाईना. कुऱ्हाड घेऊनच तो फवारणीचं औषध विकणाऱ्या दुकानाकडं निघाला. शिवप्रिया दारात आडवी झाली.

"आता त्या दुकानदाराला मारणार व्हय, अण्णा? पिंपं तर तुमीच आणली."

त्यानं तिचे केस पकडून बाजूला हिसडलं. मूठभर केस हातात आले, मुळासकट. ती ओरडली नाही. तिला दुखलंसुद्धा नाही. ते मात्र त्याला सोसवेना. तो तिथंच उंबऱ्यावर बसला. आईनं हातातली कुऱ्हाड काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी शिवप्रिया एसटीनं उमरग्याला गेली. गज घेऊन जाताना भावाला पाहिलं, परतल्यावर तो काय बोलला, सगळं तिनं पोलिसांना लिहून दिलं. हवालदारानं विचारलं, सख्खा भाऊ ना?

"व्हय. उद्या दुसऱ्या कुणाला मारंल."

लग्न मोडलं. गुरुसिद्धप्पाला शिक्षा झाली. महांतेशचा हात काही पुन्हा धड वळला नाही. शिवकांतानं दिवाळीत दुकान उघडलं, पण ती क्रीम पुन्हा ठेवली नाही. शिवप्रियाला तिनं क्षमा केली नाही. फक्त साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या बाकावर सरकून तिला जागा दिली होती.