बाटलीवरची गाडी

मिरजेच्या दवाखान्यातून निघाल्यापासून पद्माक्कांचा श्वास गाडीच्या इंजिनावर चालला होता. इंजिन सुरू असलं की मागच्या सीटवर त्यांची छाती वरखाली व्हायची, बंद पडलं की थांबायची. त्यांचे यजमान आप्पा मगदूम यांना त्याचं नवल वाटलं नाही. राग आला तो गाडीचा. नेमकं आजच हिला मान टाकायचं सुचावं!

स्टार्टर मारला की पेटायची, घटकाभर गुरगुरायची आणि गप्प व्हायची. रखडत रखडत आप्पांनी अंकलीच्या पुलाअलीकडचं दस्तगीर मेस्त्रीचं गॅरेज गाठलं.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले?" इंजिन चालू होतं तेवढ्यात पद्माक्कांनी विचारून घेतलं.

"आधी गाडी नीट होऊ दे. मग निवांत सांगतो."

आप्पा पहिल्यापासून असेच, सगळं हातचं राखून. दिवाळीचे लाडू संक्रांतीपर्यंत पुरवायचे, नवं धोतर पेटीतच जुनं करायचं आणि पेट्रोल काटा तळाला टेकल्याशिवाय भरायचं नाही. 'घरी घेऊन जा, आता आमच्या हातात काही नाही,' हे डॉक्टरांचं बोलणंही त्यांनी तसंच राखून ठेवलं होतं. बायकोशी असलं काही बोलायचं म्हटलं की त्यांचा जीव अर्धा व्हायचा.

दस्तगीरनं बॉनेट उघडलं. "करंट हाय आप्पा. पेट्रोलच पोचंना." त्यानं फिल्टर काढून झटकला तर चहाच्या चोथ्यासारखा गंज पडला. "सारखी रिझर्व्हवर चालवता न्हवं? तळाचा गाळ वर येतोय."

त्यानं पाइप तोंडात धरून इंजिनाकडं जोरात फुंकलं. इंजिन बंदच होतं, तरी मागं पद्माक्कांची छाती एकदा वर आली. आप्पांनी ते पाहिलं.

मग मेस्त्रीनं बॉनेटला पेट्रोलची बाटली उलटी टांगली आणि सलाइनच्या नळीनं थेट कार्बोरेटरला जोडली. गाडी सुरू झाली ती लोण्यासारखी. पद्माक्कांच्या गालावर रंग आला. "चहा प्यावासा वाटतोय," त्या म्हणाल्या.

"इंजिन झकास हाय. खोट मागं, टाकीत न्हाईतर लायनीत," म्हणत दस्तगीर पाइप चाचपत गाडीखाली शिरला. आधी डोकं गेलं, मग पाय गेले. मागच्या चाकाकडून काही तो बाहेर आला नाही.

"आप्पा, पाइप लांबतोय," आवाज आला. "अजून टाकी आली न्हाई."

"कुठवर गेलास?"

"नदी ओलांडली."

आप्पांनी वाकून पाहिलं. पाइप सरळ गेला होता आणि पार टोकाला दस्तगीरच्या हातातली बॅटरी मिणमिणत होती.

बाटली अर्ध्याखाली आली. गॅरेजमध्ये दुसरं पेट्रोल नव्हतं, आप्पांनी सगळे डबे हलवून पाहिले. "दस्तगीर, लवकर ये रे बाबा!"

"टाकी घावली की आणतोच," असं काहीसं पलीकडच्या काठावरून ऐकू आलं.

एवढ्यात पद्माक्का आपल्या आपण उठून बसल्या. कितीतरी दिवसांनी बसल्या होत्या. केस सारखे करत म्हणाल्या, "आता चाललीय की गाडी छान. आता तरी सांगा."

आप्पांना भडभडून आलं. आता सांगायचंच, त्यांनी ठरवलं. डॉक्टरांचं सांगायचं, आणि तू गेलीस तर मी कुणाच्या जिवावर जगू, हेही सांगायचं. त्यांनी तोंड उघडलं आणि बाटलीतला शेवटचा थेंब नळीत उतरला. इंजिन अडखळलं.

आप्पांनी नळी बाटलीतून उपटली, तोंडात धरली आणि फुंकली. इंजिन सावरलं. त्यांनी नाकानं श्वास ओढला आणि पुन्हा फुंकली.

"अहो," वर उचललेल्या बॉनेटपलीकडून पद्माक्का म्हणाल्या, "ऐकताय ना?"

आप्पांनी मान हलवली. ती पद्माक्कांना दिसली नाही.

"मी काही रडणार नाही. बोला की."

आप्पा गाल फुगवून फुंकत राहिले.