भरलेल्या सॅकची कबुली

मित्रांनो, स्वतःविषयी चार शब्द सांगायचे म्हटले की माझी मान आधी खाली जाते. मी एक जुनी सॅक आहे, कॅमेऱ्याचं सामान पाठीवरून नेणारी. जाड काळं कापड, आत मऊ अस्तर आणि एकूण अकरा कप्पे. मला शिवणाऱ्या बाईंनी शेवटचा दोरा तोडून मला उचललं आणि त्या म्हणाल्या, "अगं बाई, हिच्यात अख्खा संसार मावेल!" ते शब्द माझ्या डोक्यात गेले. तिथूनच बिघडलं.

माझी मालकीण फोटोग्राफर. घरात सगळे तिला छोटी म्हणत. तिने माझ्यात दोन कॅमेरे, चार लेन्स, फ्लॅश असं काय काय कोंबलं. रस्त्यात काही दिसलं की ती मला खाली ठेवायची, गुडघे टेकून चेन उघडायची आणि कुठली लेन्स लावावी याचा विचार करत बसायची. तोवर भिंतीवरचं मांजर निघून गेलेलं असे. मला त्याचं काही वाटत नसे. रोज कुणीतरी आपल्यापुढे गुडघे टेकतं, एवढ्यावरच मी खूश होते.

छोटीचे बाबा घड्याळं दुरुस्त करत. चाळीस वर्षं खिडकीपाशी, एकाच खुर्चीवर. आता हात फारच थरथरू लागले, म्हणून महिनाअखेर दुकान बंद करायचं ठरलं. कॅमेरा दिसला की बाबांचा चेहरा पुठ्ठ्यासारखा ताठ होई. घरातल्या सगळ्या फोटोंत ते तसेच. छोटीला त्यांचा काम करतानाचा एकच खरा फोटो हवा होता, आणि हातात सात दिवस उरले होते.

रोज मी दुकानाच्या दारात दिसले की बाबा म्हणत, "आलं बघ बिऱ्हाड! थांब, शर्ट बदलतो."

सहाव्या दिवशी एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाच्या पोटात त्यांना कुणा लेकराचा दुधाचा दात सापडला. बाबा इतके हसले की डोळ्याला लावलेलं भिंग खाली पडलं. छोटीने झटकन गुडघे टेकले. पण मी ठासून भरलेली. माझी चेन कोपऱ्यात अडकली.

"अगं, उघड ना गं!" ती जिवाच्या आकांताने ओढत होती. चेन उघडली तेव्हा बाबा हसू पुसून ताठ बसले होते. "हं, काढ आता."

छोटीचा खांदा लचकला. डोळ्यांत पाणी आलं, पण ते खांद्यामुळे नव्हतं. एक कॅमेरा आणि एक लेन्स तेवढी काढून घेतली, मला टेबलाखाली सरकवलं आणि ती तशीच घरी गेली.

शेवटच्या दिवशी ती आली, ती एक साधी कापडी पिशवी घेऊन. आत टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक कॅमेरा आणि एकच लेन्स.

"आज बिऱ्हाड नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही. आज तुमच्यापाशी बसायला आलेय."

लांबचं जवळ आणणारी लेन्स नव्हती, म्हणून तीच स्टूल सरकवत जवळ जात राहिली. कॅमेरा मांडीवर. बराच वेळ तिने तो उचललाच नाही. मग हळूच म्हणाली, "बाबा, स्क्रू काढताना तुम्ही उजवं मनगट डाव्या हाताने धरता?"

"तीन वर्षं धरतोय. आज दिसलं होय तुला?"

"इतके दिवस मी सॅकमध्येच बघत होते, बाबा."

मित्रांनो, टेबलाखाली मी शरमेने अर्धी झाले. सामान सांभाळायला मला केलं होतं, आणि लेकीची नजर मी आपल्याकडे ओढून घेतली होती.

बाबा गालात हसले. चाकावरची धूळ उडवायला त्यांनी ओठांचा चंबू केला, एका हाताने दुसरा हात घट्ट धरलेला. छोटीने कॅमेरा उचलला तरी त्यांना पत्ता नव्हता.

आता माझ्या कप्प्यांत बाबांचे चिमटे आणि भिंगं आहेत. माझी एकच विनवणी आहे. तुमच्या सॅकची चेन जरूर साफ ठेवा, पण तिला भरताना थोडी दया करा. जिच्याकडे सगळं असतं, ती फार मान मागते.

तो फोटो घरात समोरच्या भिंतीवर लावला आहे. येणारे सगळे बाबांचे हात बघतात. खाली कोपऱ्यात, टेबलाच्या पायाशी, काळं काहीतरी दिसतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती मी आहे. चेन लावलेली.