विषाचा पेला आणि केतकी

मित्रांनो, मी एक जुना पितळी पेला आहे. रहिमतपूरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. पण घरात पाणी पिण्यासाठी मी कधी वापरलाच गेलो नाही. जवळच्या गावाने मला जत्रेतल्या नाटकासाठी विकत घेतले आणि मी विषाचा पेला झालो.

नाटक दरवर्षी तेच असे. इंद्रसेन आणि केतकी यांचे प्रेम, त्यांच्या घराण्यांचे वैर. केतकीची नाव बुडाली, अशी खोटी बातमी येते. इंद्रसेन शूर, पण उतावळा. तो नदीवर जाऊन पाहतसुद्धा नाही, मला उचलतो आणि पिऊन टाकतो. मग केतकी जिवंत परत येते. ती त्याच्याजवळ बसते, विचार करते आणि शांतपणे कट्यार उचलते.

त्या लाकडी कट्यारीचा मला फार हेवा वाटे. माझ्या वाट्याला उतावळा मुलगा, तिच्या वाट्याला समंजस मुलगी! मला उचलले की लोक खोकत, विड्या शोधत. तिला उचलले की बाया डोळ्यांना पदर लावत. एकदा तरी केतकीने मला निवडावे, एवढेच मला हवे होते. ही इच्छा चांगली होती की वाईट, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

१९९४ साली तशी वेळ आली. केतकीचे काम करणारी नटी दरवर्षी सांगलीहून जत्रेच्या दिवशीच येई आणि दुपारी एकच तालीम होई. त्या वर्षी स्वप्ना आली. तालमीत पेटीवाल्याचा पाय पडून कट्यार मोडली.

"ऱ्हाऊ द्या," नाटक बसवणारे जोतीराम मास्तर म्हणाले. "बाई, तुमी बी पेल्यातलंच प्या."

मी मनातल्या मनात लखलखलो.

विष म्हणून माझ्यात गुळाचे पाणी भरत. इंद्रसेन झालेल्या राजरत्नने ते घटाघटा संपवले.

"अरं गड्या, केतकीला ठेव की जरा!"

"मास्तर, लय ग्वाड हाय वो!"

खेळातही त्याने सवयीने सगळे पिऊन टाकले. मग स्वप्नाने मला उचलले. अखेर मलाच! तिने मला ओठांपर्यंत नेले, आत पाहिले आणि उलटे धरले. थेंबही पडला नाही.

"आवं बाई, प्याल्यागत करा!" मास्तर पडद्याआडून कुजबुजले.

तिने ऐकले नाही. निजलेल्या इंद्रसेनाला ती म्हणाली, "सगळं एकट्यानंच ठरवलंस. मला विचारायचं तरी होतंस. आता माझं मी ठरवते." मला खाली ठेवून ती चालत निघून गेली.

मांडवात पुढे बसलेल्या धोंडुबाई मोठ्याने म्हणाल्या, "बरं झालं बया, जगली पोरगी!" आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

तेव्हापासून आमच्या नाटकात केतकी जगते. मोडकी कट्यार आणि मी एकाच पेटीत पडून असतो. तिचा हेवा आता उरला नाही. हेवा वाटतो तो स्वप्नाच्या साध्या चपलांचा. त्या तिच्याबरोबर सांगलीच्या एसटीत चढल्या.

मित्रांनो, वर्षातून एकदा मला चिंचेने घासलेत तर बरे वाटेल. नाही घासलेत तरी चालेल. पण तुमच्यातला कोणी दुःखाने उतावळा झाला, तर त्याच्याजवळ बसा. त्याला एकटे सोडू नका.