सासूबाईंचं बीपी

सरजाबाईंची एक खोड होती. गरोदर सून सासूबरोबर तपासायला आली, की त्या आधी सासूलाच धरायच्या. "अवो मावशी, तोंड किती उतरलंय तुमचं! बीपी बघितलं का कधी? चला, फुकट हाय." आणि फुकटचं बीपी सोडेल अशी सासू उमरीच्या पंचक्रोशीत जन्मली नव्हती. सासू पलीकडच्या खोलीत गेली, की सरजाबाई दार लोटायच्या आणि सुनेच्या शेजारी बसून हळूच विचारायच्या, "घरी कोण मारतंबिरतं का गं?"

उमरीचा दवाखाना ही लुंबिनी सिस्टरची पहिली नोकरी आणि सरजाबाई तिथल्या आया. शिक्षण चौथी, पण भल्याभल्या डॉक्टरांपुढं तोंड न उघडणाऱ्या बायका त्यांच्यापुढं घडाघडा बोलायच्या. दुपारी त्या गवती चहा घालून चहा करायच्या. तसा चहा लुंबिनीला पुन्हा कधी मिळाला नाही, आणि तशी माणसंही नाहीत.

आता लुंबिनी रेणापूरजवळच्या एका दवाखान्यात इनचार्ज होती. घरी मारहाण होते का, हे प्रश्न आता छापील फॉर्मवर आले होते. युक्ती मात्र अजून सरजाबाईंचीच चालायची.

त्या दिवशी सातव्या महिन्याची शिवानी आली, सोबत सासू बसम्मा. बीपीचा पट्टा बांधायला बाही वर केली, तर दंडावर चार बोटं हिरवीनिळी उमटलेली.

"न्हाणीत पडली," बसम्माच बोलल्या.

"बरं. मावशी, तुमचंबी बीपी बघू या की! तनुजा, यांना घेऊन जा."

तनुजा नवी नर्स, लागून दोनच महिने झालेली. ती बसम्मांना घेऊन गेली. लुंबिनीनं दार लोटलं आणि विचारलं. शिवानीनं मान हलवली, "न्हाई." लुंबिनी थांबली, पाणी दिलं, पुन्हा विचारलं.

"सिस्टर, त्यांचं अन् आत्याबाईंचं मत एकच," शिवानी दाराकडं बघत म्हणाली. "मी इथं बोलले तर तिथं मला कोण हाय?"

कागद घरी सापडला तर पंचाईत, म्हणून लुंबिनीनं मदतीचा फोन नंबर शिवानीकडून तोंडपाठ करून घेतला. तासाभरात ही पोरगी त्याच घरी जाणार, या विचारानं तिचा जीव तुटत होता. सरजाबाई असत्या तर, असं तिला सारखं वाटत राहिलं.

बीपी बघायला एवढा वेळ? ती पलीकडच्या खोलीत गेली. तनुजा रडवेली उभी होती.

"सिस्टर, माझं चुकलं का? फॉर्म हातात होता, म्हणून मावशींनाच सगळे प्रश्न विचारले."

बसम्मा दंडाला पट्टा तसाच ठेवून बसल्या होत्या. डोळ्यांतलं पाणी पदरावर पडत होतं.

"चाळीस वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "वीरेशच्या बापानं लई मारलं. ते गेले, पण मारायचा हात पोराला देऊन गेले. मला आजवर कुणी इचारलंच न्हाई, बाई."

लुंबिनीला कानकोंडं झालं. सरजाबाईंनी आणि तिनं मिळून किती सासवा अशा पलीकडं पाठवल्या असतील! काटा बघायचा, आकडा सांगायचा आणि परत धाडायचं. त्यांनाही कुणी कधी मारलं असेल, हे दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नव्हतं.

बसम्मांनी पट्टा ओढून काढला आणि त्या शिवानीच्या खोलीत गेल्या.

"पडली म्हणून लिव्हू नका," त्या म्हणाल्या. "मी उंबऱ्यात हुते. बघत हुते." मग सुनेचा हात धरला. "चल, तुला तुझ्या मायकडं मी सोडते. वीरेशला काय सांगायचं ते मी बघते."

शिवानीनं तो हात घट्ट धरला.

"शिवानी, तू सांग. लिहू?" लुंबिनीनं विचारलं.

"लिव्हा," शिवानी म्हणाली. "अन् आत्याबाई, तुम्हीबी चला माझ्यासंगं."

लुंबिनीनं फॉर्म भरला. मग तनुजाकडून आणखी एक कोरा मागवून त्यावर बसम्मांचं नाव घातलं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. इतक्या वर्षांत सासूबाईंचं बीपी ती पहिल्यांदाच खरंखुरं बघत होती.